आधी माप, मग कात्री

दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली की आमच्या घरी शिंपी यायचा. ही गोष्ट 1960 च्या सुमाराची, सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावातली. ओसरीवर सतरंजी पसरली जाई. गळ्यात फीत आणि कानावर पेन्सिल अशा थाटात तो बैठक मारी आणि आम्हां भावंडांना एकेक करून समोर उभे करी. छाती, कंबर, उंची ही मापे तर तो घेईच. पण त्यानंतर त्याचे खरे काम सुरू होई. तो विचारी, "शाळेत बाकावर बसतोस, की खाली मांडी घालून?" "झाडावर चढतोस का रे?" माजघरातून आजी ओरडे, "वाढत्या अंगाचं शिव रे बाबा, पुढच्या दिवाळीलाही यायला हवं!" ही सारी उत्तरे तो आपल्या मळकट वहीत टिपून घेई. कात्री मात्र त्या दिवशी पिशवीबाहेर निघत नसे.

त्या वेळी आम्हांला त्या चौकशीचा कंटाळा येई. कापड समोर आहे, माप घेतले आहे, मग कापायला हरकत कोणती? पुढे माझे सारे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरात गेले. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची जी वही असते तिला सॉफ्टवेअर म्हणतात, हे आज घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या वह्या लिहिण्याच्या आधी, ज्याला त्या हव्या आहेत त्याचे माप घेण्याचा माझा धंदा. इंग्रजीत त्याला रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग, बिझनेस अॅनालिसिस अशी भारदस्त नावे आहेत. मी आपला त्याला 'गरजेची पारख' म्हणतो. आणि वाचकहो, हे माप घ्यायला मी प्रथम चुकलो, ती गोष्ट सांगितल्यावाचून पुढचा इतिहास सांगण्याचा मला अधिकार पोचत नाही.

साल 1986. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या कोठाराचा हिशेब संगणकावर चढवायचे काम आमच्या कचेरीकडे आले. काय काय हवे त्याचा कागद मी लिहायचा होता. मी तीन दिवस मोठ्या साहेबांच्या खोलीत बसलो, त्यांचा चहा प्यालो आणि त्यांनी पुढे केलेली नियमांची वही वाचली. नियम स्वच्छ होता : सहीची चिठ्ठी आल्याखेरीज कोठारातून एकही जिन्नस बाहेर जाता कामा नये. मी तसे लिहिले, आमच्या मुलांनी तशाच आज्ञा रचल्या आणि यंत्राने त्या अक्षरशः पाळल्या. तपासणीत एकही चूक निघाली नाही. साहेबांनी पेढे वाटले.

पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता एका यंत्राचे बेअरिंग गेले. सही करणारे अधिकारी घरी झोपलेले. कोठारावर एक वयस्क गृहस्थ होते. सारा कारखाना त्यांना भाऊ म्हणे. अशा प्रसंगी भाऊ आपल्या वहीत तांबड्या पेन्सिलीची खूण करून जिन्नस देत आणि सकाळी चिठ्ठी आली की खूण खोडून टाकीत. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते. आमच्या पडद्यावर तांबड्या पेन्सिलीला जागा नव्हती. तो एवढेच म्हणत होता की, आधी चिठ्ठीचा आकडा भरा. भाऊंनी कुलूप उघडून बेअरिंग दिले, रात्रपाळी चालू राहिली. पण ती नोंद काही यंत्रात शिरेना. असे आणखी दोन-तीनदा घडले. महिनाअखेर मोजणीत माल कमी भरला, आणि सव्वीस वर्षे बिनडाग नोकरी केलेल्या त्या माणसाच्या हाती खुलासा मागणारा कागद पडला.

मी धावत गेलो. म्हणालो, "भाऊ, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

भाऊ चष्मा पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही विचारलंत कधी?"

या एका वाक्याने माझी झोप उडवली. आज्ञावली बरोबर होती, गणित बरोबर होते, कागदाप्रमाणे सारे बरोबर होते. आणि तरीही एका सज्जन माणसावर चोरीचा संशय आला होता. मग 'बरोबर' म्हणजे काय? चांगले सॉफ्टवेअर ओळखायचे तरी कसे? हा प्रश्न घेऊन मी या विद्येचा इतिहास उलगडू लागलो, आणि त्याचे पहिले पान मला सापडले ते एका चहाच्या दुकानात!

लंडनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी नावाची एक पेढी होती. चहा, पाव, केक आणि साधे जेवण मिळणारी तिची दोनशेच्या आसपास चहागृहे त्या काळी गावोगावी होती. एका ताटामागे नफा पेनीच्या अंशाचा. म्हणून हिशेब अगदी काटेकोर ठेवावा लागे, आणि हिशेबासाठी शेकडो कारकून राबत. त्या कचेरीचे प्रमुख होते जॉन सिमन्स. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले; 1923 साली लायन्समध्ये आले. कोणता कागद कोणाकडे जातो, का जातो, गेला नाही तर काय बिघडेल, याचा विचार करणारा एक स्वतंत्र विभागच त्यांच्या कचेरीत होता. यंत्राचा पत्ताही नव्हता तेव्हा ही चिकित्सा तिथे चालू झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

1947 साली थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड हे दोन अधिकारी नव्या कचेरी-पद्धती पाहायला अमेरिकेला गेले. तिथे प्रिन्स्टनला त्यांना कळले की, असले गणकयंत्र तर तुमच्या घराशेजारी, केंब्रिजला मॉरिस विल्क्स बांधीत आहेत. काखेत कळसा अन् गावाला वळसा! परत येऊन लायन्सने केंब्रिजच्या त्या कामाला 3,000 पौंडांची मदत केली आणि आपला एक माणूसही दिला. 1949 च्या मे महिन्यात केंब्रिजचे एडसॅक यंत्र चालू लागले. त्याच धर्तीवर जॉन पिंकर्टन यांच्या हाताखाली लायन्सने आपले स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस, म्हणजे लिओ. सुमारे सहा हजार व्हॉल्व्हचे ते धूड 1951 च्या नोव्हेंबरात पेढीच्या भटारखान्याचा आठवड्याचा हिशेब नियमितपणे करू लागले. कचेरीतले नित्याचे काम संगणकाने करण्याची जगातली ती पहिली वेळ. शास्त्रज्ञांची गणिते सोडवणारी यंत्रे त्याआधी होती; पण पाव किती भाजले, त्यांचा खर्च किती आणि ते कोणत्या भावाने दुकानांकडे गेले, हे विचारायला त्यांच्याकडे कोणी गेले नव्हते.

पण लिओची थोरवी मला व्हॉल्व्हच्या संख्येत दिसत नाही. ती दिसते डेव्हिड कॅमिनर यांच्या कामात. दुसऱ्या महायुद्धात एक पाय गमावून परतलेला हा माणूस लायन्सच्या त्या चिकित्सा विभागात होता. पुढे अनेकांनी त्यांना जगातला पहिला सिस्टिम्स अॅनालिस्ट म्हटले. काम यंत्रावर चढवण्याआधी ते मुळापासून समजून घ्यायचे, त्याचा प्रवाह कागदावर रेखाटायचा, एकाने लिहिलेले दुसऱ्याने तपासायचे आणि बेरजा जुळल्याखेरीज उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त होती. या शिस्तीपुढे तरुण मंडळी चळचळा कापत.

या शिस्तीचे उत्तम फळ म्हणजे 1954 सालचे चहागृहांच्या मागणीचे काम. प्रत्येक चहागृहाची एक व्यवस्थापिका असे. उद्या किती पाव, किती केक, किती पदार्थ हवेत, याची लांबलचक यादी तिने रोज भरायची. हातात यंत्र आले म्हटल्यावर कोणीही म्हटले असते : चला, ही यादी यंत्रात भरू. लायन्सच्या लोकांनी आधी निराळाच प्रश्न विचारला : रोज यादी भरायची गरजच काय? सोमवार पुष्कळसा सोमवारसारखाच असतो! म्हणून प्रत्येक दुकानाची वारवार ठरीव मागणी यंत्राकडे ठेवली. दुपारी ठरलेल्या वेळी मुख्य कचेरीतून बाईंना दूरध्वनी जाई, आणि त्यांनी फक्त बदल सांगायचा : आज पाऊस आहे, चार डझन कमी; उद्या जवळ सामना आहे, सहा डझन जास्त. कानाला यंत्र लावून बसलेली मुलगी ऐकता ऐकताच कार्डांवर भोके पाडी. त्यावरून लिओ स्वयंपाकघरासाठी एकूण आकडा आणि गाडी भरणाऱ्यांसाठी दुकानवार यादी काढून देई.

इथे जरा थांबून पाहा. पाऊस पडला की गिऱ्हाईक किती घटते, हे ज्ञान कोणापाशी होते? ना सिमन्सपाशी, ना पिंकर्टनपाशी; ते होते गल्ल्यामागे उभ्या असलेल्या त्या बाईपाशी. लिओच्या कर्त्यांनी ते हिरावून घेतले नाही. यंत्राने बेरजा कराव्या आणि बाईने पाऊस पाहावा, अशी त्यांनी कामाची वाटणी केली. पगाराच्या हिशेबाचीही तीच कथा. सरावलेल्या कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटे लागत, ते काम लिओ दीड सेकंदात करी. तरीसुद्धा काही काळ यंत्राचा आणि कारकुनांचा असे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालवून, ताडून पाहून मगच यंत्रावर भरवसा ठेवला गेला. पगार चुकला तर कोणाच्या घरची चूल अडते, हे त्यांना माहीत होते. पुढे 1996 साली कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. तिला त्यांनी 'यूजर-ड्रिव्हन इनोव्हेशन' असे नाव दिले. म्हणजे वापरणाऱ्याने पुढे नेलेली नवलाई.

यंत्रे वाढली, स्वस्त झाली आणि ही शहाणीव मात्र मागे पडू लागली. कामे वेळेवर पुरी होईनात, खर्च अंदाजाबाहेर जाई आणि हाती पडे ते कोणाच्या उपयोगाचे नसे. 1968 च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश या डोंगराळ गावी नाटो संघटनेच्या विद्यमाने पन्नासएक जाणकार जमले. पूल बांधणाऱ्याला शास्त्र असते तसे आज्ञावली रचणाऱ्यालाही हवे, असे म्हणून त्यांनी 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द मुद्दाम, जरा डिवचण्यासाठीच, पुढे केला. मग नियम आले, नमुने आले. मागणीपत्र कसे लिहावे याचा प्रमाणित नमुना 1984 साली अमेरिकेतल्या विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेने काढला. 1991 साली आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्या संस्थांनी चांगल्या सॉफ्टवेअरची सहा लक्षणे सांगितली : हवे ते काम करणे, भरवशाचे असणे, वापरायला सोपे असणे, वेळ आणि साधने बेताने खर्चणे, दुरुस्तीला सोयीचे असणे आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येणे. यादी उत्तमच आहे. पण त्यातले 'हवे ते' म्हणजे नेमके कोणाला हवे ते? याचे उत्तर यादीत मिळत नाही. ते ज्याचे त्याला जाऊन विचारावे लागते. न विचारल्यास काय होते, याचा धडा पुढच्याच वर्षी मिळाला, आणि तोही त्याच लंडन शहरात.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेकडे त्या काळी रोज दोन हजारांवर फोन येत. हाक आली की टेबलावरची व्यक्ती ती कागदावर लिही, नकाशाच्या पुस्तकात जागा शोधी आणि कागद सरकत्या पट्ट्यावर ठेवी. पट्ट्याच्या टोकाशी बसलेला माणूस एकाच अपघाताचे दोन कागद आले असतील तर ओळखी आणि ते भागवार वाटून देई. मग जवळची गाडी धाडली जाई. पद्धत जुनी, मंद आणि माणसांच्या स्मरणशक्तीवर उभी होती. ती बदलायला हवी होती यात शंका नाही. त्याआधीचा एक प्रयत्न 75 लाख पौंड खर्चून 1990 मध्ये सोडून द्यावा लागला होता, म्हणून आता घाई होती. मागणीपत्र 1991 च्या आरंभी तयार झाले. मोठे बारकाईचे होते ते. कोणी काय कसे करायचे सारे त्यात आखून दिलेले. काम एका वर्षाच्या आत हवे होते आणि ते दिले गेले सर्वांत स्वस्त बोलीवाल्याला. त्या मागणीपत्रात एकच उणीव होती : रुग्णवाहिका चालवणाऱ्यांना ते लिहिताना फारसे कोणी विचारलेच नव्हते.

सोमवार, 26 ऑक्टोबर 1992. नवी पद्धत साऱ्या लंडनभर एकदम सुरू झाली. भागवार वाटणी गेली, कागद मागे पडला. आता गाडी कोणती पाठवायची हे यंत्र सुचवणार होते, आणि त्यासाठी त्याला प्रत्येक गाडी या क्षणी कुठे आहे आणि काय करीत आहे हे बिनचूक ठाऊक असायला हवे होते. मागणीपत्राने हे गृहीतच धरले होते. पण प्रत्यक्षात काय होई? रक्तबंबाळ माणसाला उचलताना 'पोचलो' हे बटण दाबायचे राहून जाई. उंच इमारतींच्या आड बिनतारी संदेश हरवे. नेमून दिलेली गाडी सोडून माणसे दुसरीच घेऊन निघत. यंत्राचे चित्र आणि रस्त्यावरचे लंडन यांची हळूहळू फारकत झाली. एका ठिकाणी दोन-दोन गाड्या जाऊ लागल्या, जवळची सोडून लांबची निघू लागली. 'हे जुळत नाही' असे सांगणाऱ्या सूचनांची पडद्यावर रीघ लागली आणि जुन्या सूचना वर सरकून दिसेनाशा झाल्या. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करीत, त्या फोनांनी गर्दी आणखी वाढे. एखाद्या घरात छातीत कळ आलेला माणूस पडला आहे, बायको दाराशी उभी राहून रस्त्याकडे पाहते आहे, आणि नियंत्रणकक्षात सारे पडदे उजळलेले आहेत, असे ते दीड दिवस गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी निम्मे काम पुन्हा माणसांच्या हाती सोपवले गेले. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

पुढे 4 नोव्हेंबरच्या पहाटे यंत्र खरोखरच बंद पडले. तीन आठवड्यांपूर्वी एका दुरुस्तीत कोणाकडून तरी आज्ञांचा एक तुकडा चुकून तसाच राहिला होता. गाडी पाठवली की तो यंत्राच्या स्मृतीतली थोडी जागा अडवी आणि परत सोडीत नसे. शेवटी जागाच उरली नाही, राखीव यंत्रानेही साथ दिली नाही, आणि मंडळी मुकाट्याने कागदावर परतली.

1993 च्या फेब्रुवारीत चौकशीचा अहवाल निघाला. तो वाचताना मी एका जागी थबकलो. 4 नोव्हेंबरचा बिघाड हा तांत्रिक होता. पण 26 आणि 27 ऑक्टोबरला यंत्र तांत्रिक अर्थाने बिघडलेलेच नव्हते, असे चौकशीकारांनी नमूद केले होते. त्याची जशी आखणी झाली होती तसे पुष्कळसे काम ते करीत होते. घातक दोष आखणीतच होते. मला भाऊंची तांबडी पेन्सिल आठवली. आमचेही यंत्र बिघडले नव्हते!

चांगल्या सॉफ्टवेअरची पारख मी तेव्हापासून दोन प्रश्नांनी करतो. पहिला : टाका नीट पडला आहे का? दुसरा : ज्याच्यासाठी शिवले त्याला ते अंगात घालून मांडी घालता येते का? 4 नोव्हेंबरची चूक पहिल्या प्रश्नातली. ती सापडली की उसवून पुन्हा शिवता येते. 26 ऑक्टोबरची चूक दुसऱ्या प्रश्नातली. तिला नवे कापड लागते. आणि पहिल्या प्रश्नाची तपासणी कचेरीत बसून होते, दुसऱ्यासाठी रस्त्यावर जावे लागते. म्हणूनच आपण सारे पहिलाच विचारून मोकळे होतो.

लंडनच्या त्या सेवेने मात्र धडा घेतला. पुढच्या खेपेला घाई केली नाही. नियंत्रणकक्षातल्या माणसांना बरोबर बसवले, पडद्याचे कच्चे नमुने त्यांना दाखवले, ते म्हणाले तसे बदलले, आणि एकेक पायरी पक्की झाल्यावर पुढची चढली. 1996 साली नवी पद्धत सुरू झाली आणि ती टिकली. शहर तेच, काम तेच, माणसेही पुष्कळशी तीच. फक्त या वेळी त्यांना कोणी विचारले होते.

भाऊंचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी कारखान्याला लेखी कळवले की, दोष कोठाराचा नसून मी लिहिलेल्या मागणीपत्राचा आहे. आमच्या कचेरीत ते कोणाला आवडले नाही. भाऊंना दिलेला कागद परत घेतला गेला. मग मी तीन रात्री कोठारात स्टुलावर बसून काढल्या. रात्री कोण येते, काय मागते, भाऊ कोणाला देतात आणि कोणाला सकाळपर्यंत थांबवतात, ते नुसते पाहिले. त्यातून आज्ञावलीत एक नवी सोय झाली : चिठ्ठी नंतर येईल अशी नोंद करून जिन्नस देता यावा, आणि चिठ्ठी येईपर्यंत ती ओळ पडद्यावर निराळी दिसावी. ती ओळ तांबडी करावी, ही सूचना भाऊंची.

तिसऱ्या रात्रीच्या पहाटे त्यांनी स्टोव्हवर चहा केला. कपबशी माझ्या हाती देत म्हणाले, "साहेब, आता कसं, बसल्यावर उसवायचं नाही."

मी त्यांना आमच्या गावच्या शिंप्याची गोष्ट कधीच सांगितलेली नव्हती.